बाईक घरी धुणे : नर्मदेचं पाणी, बोअरचे डाग आणि चेनचं काळं

होळकरी_चाक
मंडळी, इंदुरात घरच्या घरी बाईक नीट धुण्याबद्दल सगळी माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा काढतोय. धुलाईच्या दुकानात गाडी दिली की इंजिनवर आधी डिझेलचा फवारा, मग मशीनचं जोरदार पाणी, आणि शेवटी चेन, टाकी, सीट सगळ्यांना एकच फडकं. माझं मत ठाम आहे : गाडी घरीच धुवावी, तीन बादल्यांत धुवावी आणि पाईपाला हात लावू नये. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून साधारण ७० किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून आपल्याकडे येतं, आणि बऱ्याच वस्त्यांत ते दिवसाआड मिळतं. घरच्या पाईपाखाली १५ लिटरची बादली धरून घड्याळ लावा. एका मिनिटात भरली, तर वीस मिनिटांच्या धुलाईत ३०० लिटर गेले. तीन बादल्यांत ४५ लिटर लागतात.

माझा खरा प्रश्न डागांचा आहे. ज्यांच्याकडे बोअरचंच पाणी आहे त्यांच्या टाकीवर, त्यातून काळ्या किंवा गडद निळ्या टाकीवर, पांढरे ठिपके उरतात. ते पडू नयेत म्हणून काय करावं आणि पडलेले कसे काढावेत? शिवाय धुण्याचा क्रम आणि चेन कशाने साफ करावी, हेही जाणकारांनी लिहावं.

चेनसेट
क्रमापासून सुरुवात करतो, कारण निम्मी गाडी क्रम चुकल्यामुळे खराब धुतली जाते.

आधी इंजिन गार होऊ द्या. फिरून आल्यावर अर्धा-पाऊण तास. सायलेन्सरच्या वाकणाजवळ हात नेल्यावर धग लागली तर थांबा. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते एकदम आकुंचन पावतं. शिवाय साबणाचं पाणी तिथल्या तिथे वाळतं आणि त्याचा डाग बसतो.

मग झाकाझाक. सायलेन्सरच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. किल्लीच्या भोकावर चिकटपट्टी. एअर फिल्टरचं तोंड बहुतेक गाड्यांत सीटखाली किंवा बाजूच्या पॅनलमागे असतं. तिथे पाणी मारायचं नाही एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. सीट निघत असेल तर काढून घरात ठेवा.

आता पहिला मान चेनचा. चेन शेवटी साफ केली तर तिचं काळं पाणी धुतलेल्या रिमवर आणि टायरवर उडतं. चेननंतर चाकं, मडगार्डचा आतला भाग आणि इंजिनचा खालचा भाग. एवढं झालं की पाणी आणि फडकं दोन्ही बदलायचं आणि टाकी, पॅनल, हेडलाईट वरून खाली धुवत यायचं. खालून वर गेलात तर मडगार्डची वाळू टाकीवर घासली जाते, आणि उन्हात टाकीवर गोल गोल ओरखडे दिसतात ते त्याच वाळूचे असतात.

सुदामानगरची_ताई
चेनसेटदादा, क्रम पटला. फक्त साबण लावण्याआधी नुसतं पाणी घालून दहा मिनिटं भिजवणं त्यात हवं. आपल्या माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसून घट्ट धरते. वाळलेली माती नखाने किंवा तारेच्या घासणीने खरवडली की तिच्यासोबत रंगही निघतो. ओली केली, थांबलं, पुन्हा ओली केली की ती स्वतःच सुटते. मडगार्डच्या आत हात घालून बोटांनीच काढावी. पावसाळ्यात गावाकडच्या वाटेने आलेल्या गाडीच्या पुढच्या मडगार्डमध्ये इतकी माती भरते की चाक जड फिरतं. ती काढल्याशिवाय बाकीचं धुणं व्यर्थ आहे.

रामबागचे_काका
कपड्याची पावडर चालते का? घरात असतेच.

चेनसेट
नको काका. तिच्यात धुण्याचा सोडा असतो आणि तो अल्कली. रंगावरचा मेणाचा थर एका धुण्यात उतरतो आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर, म्हणजे इंजिनच्या झाकणांवर आणि रिमवर, भुरकट डाग पडतात. भांड्यांचा लिक्विड साबण त्यापेक्षा सौम्य असतो, पण तेलकटपणा काढणं हेच त्याचं काम, त्यामुळे मेण तोही काढतो. इंजिनच्या खालच्या भागाला तो चालेल, टाकीला नको.

गाडीचा शाम्पू घ्या, बाटलीवर प्रमाण लिहिलेलं असतं. साधारणपणे दहा लिटर पाण्याला दोन-तीन झाकणं पुरतात. जास्त फेस म्हणजे जास्त सफाई हा गैरसमज आहे. जास्त फेस झाला तर तो खंगाळायला एक बादली जास्त जाते.

पाताळपाणी
केसांच्या शाम्पूची एक रुपयाची पुडी? पुष्कळ लोक तीच वापरतात.

सुदामानगरची_ताई
अडीनडीला चालते, रंगाचं नुकसान करत नाही. मात्र कंडिशनरवाली नको. तिचा बुळबुळीत थर हँडलच्या ग्रिपवर आणि ब्रेकच्या पायपट्टीवर राहतो. केसांना ठीक आहे, ब्रेकला नाही.

माळवा_मेकॅनिक
चेनवर सविस्तर लिहितो. तिच्याबद्दलच सर्वांत जास्त चुकीचे सल्ले फिरतात.

आधी आपली चेन कोणती ते बघा. १०० ते १२५ सीसीच्या पुष्कळ प्रवासी गाड्यांना साधी चेन असते आणि ती लोखंडी चेनकव्हरमध्ये पूर्ण बंद असते. कव्हरवर एक रबरी बूच असतं. ते काढून आतली चेन बघता येते आणि तेलही घालता येतं. उघड्या चेनच्या बऱ्याच मोठ्या गाड्यांत ओ-रिंग चेन असते. तिच्या कड्यांच्या दोन पट्ट्यांमध्ये बारीक काळ्या रबरी कड्या दिसतात. कारखान्यातून भरलेलं ग्रीस त्या आत धरून ठेवतात. त्या फाटल्या किंवा कडक झाल्या की ग्रीस बाहेर येतं, पिना झिजतात आणि वरून कितीही तेल घातलं तरी आत पोचत नाही.

म्हणून ओ-रिंग चेनला पेट्रोल, थिनर, तारेचा ब्रश आणि मशीनचं जोराचं पाणी या चारही गोष्टी वर्ज्य. घासलेट चालतं. चेन बनवणाऱ्या कंपन्याही घासलेटाची परवानगी देतात. घासलेट मिळत नसेल तर तयार चेन क्लीनरचा स्प्रे, पण त्याच्यावर ओ-रिंगला चालतो असं लिहिलेलं हवं.

पद्धत : गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद आणि किल्ली काढून खिशात. इंजिन चालू ठेवून चेनला फडकं लावणं हा बोट गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे. चेन आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दात्यांचं चाक) यांच्यात बोट जायला क्षणही लागत नाही आणि इंजिन बोटासाठी थांबत नाही. चाक डाव्या हाताने फिरवा, उजव्या हाताने ब्रश. खाली जुना ट्रे किंवा पुठ्ठा ठेवा. १००-१५० मिलिलिटर घासलेट वाटीत घ्या. मऊ नायलॉनच्या ब्रशने चेनच्या आतल्या, बाहेरच्या आणि दोन्ही कडेच्या बाजू घासा. पाच मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने पुसा. मग शाम्पूच्या पाण्याने घासलेटाचा अंश काढा आणि पुन्हा पुसा.

तेल आत्ता घालायचं नाही. ते पूर्ण गाडी धुऊन, वाळवून झाल्यावर.

राजेंद्रनगर_दुचाकी
मेकॅनिकभाऊ, मी इथे वेगळं मत मांडतो. साध्या चेनला घासलेटात घासणं ठीक, पण ओ-रिंग चेनला दर धुण्याला घासलेट लावू नये. सर्रास बघायला मिळतं की लोक चेन घासलेटात तासभर बुडवतात. दर पंधरा दिवसांनी फक्त ओलसर फडक्याने पुसून वर ताजं चेन ल्यूब मारलं तरी चेन व्यवस्थित राहते. काळा चिकट राप खरोखर जमला तरच घासलेट.

माळवा_मेकॅनिक
बुडवण्याच्या विरोधात मीही आहे. ब्रश आणि पाच मिनिटं, त्यापुढे नाही. पण नुसतं पुसून भागतं हे शहरात, पक्क्या सडकेवर. मेट्रोच्या कामाची धूळ आणि रेती रोज अंगावर घेणाऱ्या गाडीत ती तेलात मिसळते आणि तिची पॉलिश पेपरसारखी लेप तयार होते. तिच्यावर नवं तेल घातलं की तीच स्प्रॉकेटचे दात घासत राहते. बोटावर चेनचं काळं घ्या आणि चोळून बघा. कचकच लागली तर घासलेट, नुसतं चिकट लागलं तर फडकं. या कसोटीवर आपण दोघंही एक होऊ शकतो.

राजेंद्रनगर_दुचाकी
बोटाची कसोटी मान्य.

इंदूर_स्वच्छ
वापरलेलं घासलेट गटारात ओतू नका, कळकळीची विनंती. बाटलीत भरून दोन दिवस ठेवलं की गाळ खाली बसतो. वरचं स्वच्छ घासलेट पुढच्या वेळी पहिल्या घासणीला वापरता येतं. तळचा गाळ आणि तेलकट चिंध्या वेगळ्या पिशवीत बांधून कचरागाडीच्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या. आपल्या शहरात तो कप्पा आहे, ओल्या कचऱ्यात का टाकायचं?

पाताळपाणी
प्रेशर वॉशरबद्दल कोणी लिहिलं नाही. घरगुती मशीन आता बऱ्याच जणांकडे आहे. पाणी पाईपापेक्षा कमी लागतं, हाही मुद्दा आहे.

चेनसेट
पाणी कमी लागतं हे खरं. पण घरगुती मशीनही १०० बारच्या आसपास दाब देतं. बाईक कारसारखी बंद नाही, तिचे सगळे नाजूक अवयव उघडे असतात. चाकाच्या बेअरिंगचं सील, हँडलखालचे बेअरिंग, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, चेनच्या ओ-रिंग, हँडलवरचे स्विच, वायरिंगचे कपलर, हॉर्न, आणि लिक्विड कूल गाडीत रेडिएटरच्या पातळ पट्ट्या. सील हे पावसाचं पाणी अडवण्यासाठी असतं, सुईसारख्या धारेसाठी नाही. पाणी आत गेलं तरी त्या दिवशी काही कळत नाही. दोन-तीन महिन्यांनी बेअरिंग घरघरतं आणि दोष रस्त्यावर जातो.

वापरायचंच असेल तर पंख्यासारखी फाकणारी धार, किमान दोन फूट अंतर, आणि फक्त मडगार्डच्या आत व टायरवर. रेडिएटर, हँडल आणि चाकाचा मधला भाग यांना मग्गाच बरा.

काळीमाती
मग्गा आणि मशीन यांच्या मधला एक चांगला पर्याय आहे : हाताने हवा भरायचा दोन किंवा पाच लिटरचा फवारणी पंप. बागेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. धार मऊ असते, पाणी नेमकं तिथेच पडतं आणि आख्खी गाडी भिजवायला पाच लिटर पुरतात. फक्त शेतावर तणनाशक मारलेला पंप आणू नका. नवा घ्या आणि त्यावर ‘गाडी’ असं लिहून ठेवा.

रामबागचे_काका
फडकं कोणतं? जुनं बनियन धुऊन वापरलं तर?

सुदामानगरची_ताई
बनियन चाकं आणि इंजिन पुसायला उत्तम. टाकीला मायक्रोफायबर घ्या, ३०० ते ४०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम). त्याचे बारीक केस मातीचे कण रंगापासून उचलून धरतात. स्पंजच्या सपाट पृष्ठभागावर कण तसेच राहतात आणि घासले जातात. दोन फडकी वेगळी ठेवा, रंगही वेगळे घ्या म्हणजे अदलाबदल होत नाही : निळं वरच्या भागाला, लाल चाकांना. धुताना त्यांना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, पाणी शोषणं कमी होतं. फडकं जमिनीवर पडलं तर त्या दिवसापुरतं ते चाकांचं झालं असं समजा.

आणि बादल्या दोन : एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं आधी साध्या पाण्यात पिळायचं, मग शाम्पूत बुडवायचं. दुसऱ्या बादलीच्या तळाशी साचलेली वाळू बघितली की हे का करायचं ते लगेच पटतं. होळकरीदादांची तिसरी बादली भिजवायला आणि खंगाळायला.

छत्तीस_स्पोक
स्पोकच्या चाकांसाठी : गंज नेहमी स्पोकच्या निपलपाशी (स्पोक रिमला जोडणाऱ्या छोट्या नटापाशी) आणि दोन स्पोक एकमेकांना टेकतात तिथे सुरू होतो, कारण पाणी तिथेच अडकतं. जुना टूथब्रश घ्या, धुऊन झाल्यावर चाक फिरवत प्रत्येक स्पोक फडक्यात धरून पुसा.

क्रोमवर वरवरचा तांबूस गंज असेल तर स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने चोळा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि गंज निघतो. त्यावर मेटल पॉलिशचा एक हात. गंजाने क्रोमला भोकं पाडली असतील तर मात्र फॉइलने ती भरत नाहीत. तिथे मेणाचा थर देऊन वाढ थोपवणं एवढंच हातात असतं. आणि हे फक्त खऱ्या क्रोमला. चंदेरी रंगाच्या प्लास्टिकवर फॉइल लावलं तर चंदेरी थरच निघेल.

चेनसेट
फोर्क राहिले. पुढच्या शॉकअपचा चकचकीत दांडा रोजच्या रोज पुसला तरी कमीच आहे. दांड्यावर वाळलेला चिखल गाडी दबली की सीलच्या ओठाखाली जातो आणि सील फाटतं. मग तेल गळून डिस्कवर येतं. मऊ ओल्या फडक्याने वरून खाली पुसा.

पाताळपाणी
धुतल्यावर गाडी स्टार्ट न होणं किंवा अडखळत चालणं याचं कारण काय?

माळवा_मेकॅनिक
बहुतेक वेळा स्पार्क प्लगचा खड्डा. प्लग हेडमध्ये जिथे बसतो तिथे बऱ्याच इंजिनांत पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की खड्ड्यात पाणी साचतं आणि ठिणगी कॅपवरून बाहेरच उडते. इंजिन गार असताना त्या भोकात पातळ तार घालून ते मोकळं करा. प्लगची कॅप ओढून काढा, फडक्याने आत-बाहेर कोरडी करा, खड्ड्यात सायकलच्या पंपाने हवा मारा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. होत नसेल तर क्लच आणि साईड स्टँडचे स्विच बघा, त्यांच्यातही पाणी राहतं. सायलेन्सरवरची पिशवी काढली का, हे सगळ्यात आधी बघा!

असंच एक बारीक भोक पेट्रोलच्या झाकणापाशी असतं. टाकीच्या तोंडाभोवतीच्या खळग्यातलं पाणी त्यातून नळीने खाली जातं. ते बुजलं तर पाणी झाकणाभोवती साचतं आणि पंपावर झाकण उघडलं की टाकीत उतरतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. इंजिनाला आधी तेच मिळतं. म्हणून धुतल्यावर झाकण उघडून तोंडाची कड पुसा आणि भोकात पंपाने फुंकर मारा. धुतल्यावर लगेच पंपावर जाणार असाल तर हे चुकवू नका.

इंदूर_स्वच्छ
ब्रेकबद्दल कोणी लिहाल का? धुतल्यावर पहिला ब्रेक लागत नाही ही तक्रार नेहमीची आहे.

राजेंद्रनगर_दुचाकी
ड्रम ब्रेकमध्ये पाणी गेलं की लायनर ओले होतात आणि पकड जाते. गल्लीतच, दहा-पंधराच्या वेगाने, शे-दोनशे मीटर ब्रेक हलका दाबून चालवा. उष्णतेने पाणी उडतं. डिस्कला एक-दोन वेळा दाबलं की पुरे.

डिस्कवर पॉलिश, मेण, चेनचं तेल, गंज सोडवणारा स्प्रे यांचा थेंबसुद्धा जाऊ नये. चेन ल्यूब मारताना मागच्या चाकाच्या आणि डिस्कच्या आड पुठ्ठा धरा. चुकून उडालंच तर ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने डिस्क पुसा. पॅडने तेल प्यायलं असेल तर ते घासून सुधारत नाहीत, बदलावेच लागतात. टायरची चमक वाढवणारं द्रव्य फक्त बाजूच्या भिंतीला, सडकेला टेकणाऱ्या भागाला कधीही नाही. सीटलाही नाही, मागे बसणारा पहिल्या ब्रेकला पुढे घसरतो.

काळीमाती
मॅट रंगाच्या गाडीला कोणतं पॉलिश?

छत्तीस_स्पोक
कोणतंच नाही. मॅट म्हणजे पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. पॉलिशने तो गुळगुळीत होतो आणि मधेच चकचकीत चट्टे उठतात, जे परत मॅट होत नाहीत. शाम्पू, पाणी, मऊ फडकं आणि हवं तर मॅटसाठीचा वेगळा स्प्रे. चमकदार रंगाला मात्र कार्नोबा मेण सावलीत, अगदी पातळ, दोन-तीन महिन्यांतून एकदा. जाड थर लावला तर फक्त पुसण्याचे कष्ट वाढतात.

रामबागचे_काका
रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, गाडी सापडली तर? राजवाड्याजवळ राहणाऱ्यांना दरवर्षीचा प्रश्न आहे.

सुदामानगरची_ताई
काका, आधीची तयारी महत्त्वाची. दोन दिवस आधी टाकी आणि पॅनलला मेण लावून ठेवा, रंग मेणावर बसतो. खरखरीत काळं प्लास्टिक, ग्रिप आणि सीट झाकलेली असावी, कारण रंग मुरतो तो तिथेच.

गाडीवर सुका गुलाल पडला असेल तर फडक्याने पुसू नका. फवारणी पंपाने किंवा मग्ग्याने भरपूर पाणी वाहू द्या, तो वाहूनच गेला पाहिजे. ओला पक्का रंग त्याच दिवशी धुवा. काळ्या प्लास्टिकमध्ये मुरलेला रंग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन निघतो; आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, प्लास्टिक पांढरं पडतं.

पाताळपाणी
आणि डांबराचे ठिपके?

काळीमाती
घासलेटाचे चार थेंब फडक्यावर, ठिपक्यावर अर्धा मिनिट दाबून धरा, पुसा, लगेच शाम्पूने धुवा. पक्ष्यांची घाण असेल तर ओला टिश्यू तिच्यावर दहा मिनिटं ठेवा आणि उचला. उन्हाळ्यात ती दोन दिवस राहिली तर रंगात खड्डा करते.

होळकरी_चाक
सगळ्यांचे मनापासून आभार, फार उपयोगी माहिती जमली. पण पांढऱ्या ठिपक्यांचं उत्तर अजून यायचं आहे.

नर्मदातीर
त्यावर लिहितो.

ठिपके म्हणजे बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. पाण्याचा थेंब उडून जातो, क्षार मागे राहतो. म्हणजे थेंब वाळू द्यायचा नाही, किंवा शेवटचा थेंब क्षाराचा ठेवायचा नाही, हे दोनच मार्ग.

पहिल्या मार्गासाठी सावली आणि घाई. एप्रिल-मेमध्ये इंदुरात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा टाकी धुऊन चाकाकडे वळेपर्यंत टाकी वाळलेली असते. एकेक भाग धुवा, खंगाळा आणि लगेच पुसा.

दुसऱ्या मार्गासाठी भिजवणं, चाकं, इंजिन सगळं बोअरच्या पाण्याने करा आणि शेवटचे दोन-तीन लिटर मऊ पाण्याचे ठेवा. नर्मदेच्या नळाचं पाणी बोअरपेक्षा बरंच मऊ असतं, तेवढं बाजूला काढून ठेवणं कठीण नाही. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी त्याहून चांगलं. ते हवेतलं बाष्प असल्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात. पातळ कपड्याने गाळून घ्या, कारण कॉइलवरची धूळ येते. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी, तेव्हा एसीतून पाणी फार थोडं निघतं. पावसाळ्यात बादली भरते. उन्हाळ्यात आरओचं शुद्ध पाणी एक लिटर स्प्रेच्या बाटलीत घेतलं तरी टाकी आणि हेडलाईटला पुरतं.

दोन पाणी शेवटी कधीही वापरू नका. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी, कारण वेगळे केलेले क्षार त्यातच असतात. ते टायर आणि मडगार्ड भिजवायला द्या. आणि कूलरच्या टाकीतलं पाणी, कारण पाणी उडत राहतं आणि क्षार दिवसेंदिवस दाट होत जातात.

होळकरी_चाक
एसीचं पाणी हे नवीन कळलं. आणि जे ठिपके आधीच बसलेत?

नर्मदातीर
स्वयंपाकातला पांढरा व्हिनेगर आणि तितकंच शुद्ध पाणी. मायक्रोफायबर त्यात भिजवून ठिपक्यांवर एक-दोन मिनिटं पसरून ठेवा, हलक्या हाताने पुसा, भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं करा. आम्लाने क्षार विरघळतो. गाडी सावलीत आणि गार हवी. चेन, उघडं अ‍ॅल्युमिनियम आणि मॅट रंग यांना व्हिनेगर लागू देऊ नका. ज्या भागाला लावलं तिथलं मेणही उतरतं, ते पुन्हा द्या.

व्हिनेगरनेही ठिपका जात नसेल आणि नखाला खोलगट लागत असेल, तर क्षाराने वरच्या लॅकरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, घर केलं आहे. तिथे रबिंग कंपाऊंड लागतं, तेही जपून, कारण टाकीच्या कडांवर लॅकर पातळ असतं.

छत्तीस_स्पोक
धुण्याची वेळ संध्याकाळची बरी, नाही का? ऊन नाही, ठिपके नाहीत.

माळवा_मेकॅनिक
उन्हाळ्यात संध्याकाळ ठीक. थंडी-पावसाळ्यात नको. रात्रभर पाणी सांध्यांत राहतं आणि सकाळी बोल्टच्या डोक्यांवर गंज दिसतो. सकाळी ऊन चढायच्या आत धुवा, म्हणजे पुढे दिवसभर वाळायला मिळतो.

वाळवण्याचंही सांगून टाकतो. पुसल्यावर सायकलच्या पंपाने स्विच, किल्लीचं भोक, प्लगची कॅप आणि बोल्टचे खळगे फुंकून घ्या. मग गाडी नुसती जागेवर दोन मिनिटं चालू करून बंद करू नका. सायलेन्सर पूर्ण तापत नाही, आतली वाफ पाणी होऊन तिथेच बसते आणि तो आतून गंजतो. चार-पाच किलोमीटर फिरवून आणा. ब्रेक वाळतात, सांध्यांतलं पाणी उडतं आणि चेन कोमट होते.

कोमट चेनला तेल द्यायचं. साध्या चेनला ९० नंबरचं गिअर ऑईल. ओ-रिंगला तेच किंवा तिच्यासाठीचं ल्यूब. खालच्या बाजूला, चेनच्या आतल्या अंगाला, चाक उलटं फिरवत, प्रत्येक कडीवर थेंब. चाक फिरलं की तेल आतून बाहेर ढकललं जातं आणि पूर्ण जाडीत पोचतं. पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा. पुसलं नाही तर ते रिमवर उडेल आणि धूळ धरेल. दर ५०० ते ७०० किलोमीटरला, आणि पावसात भिजली तर त्याआधी. तेल देताना चेनची ढिलाईही बघून घ्या. पुष्कळ प्रवासी गाड्यांत मधोमध २० ते ३० मिलिमीटर असते, आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर मिळतो.

पाताळपाणी
इलेक्ट्रिक स्कूटरलाही हेच सगळं का?

चेनसेट
चेन आणि सायलेन्सर वगळून बहुतेक हेच. मुख्य स्विच बंद, चार्जर काढलेला, चार्जिंगच्या भोकाचं झाकण घट्ट लावलेलं. मशीनचं पाणी मुळीच नाही. धुतल्यावर चार्जिंगचं भोक पूर्ण कोरडं असल्याची खात्री करूनच चार्जर लावा.

रामबागचे_काका
होळकरी, तीन बादल्यांच्या तुमच्या हिशेबात चेनचं आणि चाकांचं पाणी बसतं का? माझ्या मते चिखलाच्या दिवसांत चौथी लागेल.

होळकरी_चाक
काका, भर पावसाळ्यात चौथी लागेल हे मान्य. पण ती आरओच्या बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याने भरून मडगार्ड भिजवायला वापरली, तर नळाच्या तीनच राहतात. नर्मदातीर यांनी सांगितलेलं मऊ पाणी तिसऱ्या बादलीच्या शेवटी धरतो.

सुदामानगरची_ताई
आणि शाम्पूच्या बादलीत शेवटी उरतं त्यात फरशीवरचे चेनचे डाग लगेच घासून टाका. वाळल्यावर ते घासलेटाशिवाय निघत नाहीत.